मुरबाडच्या पठारावर पवनचक्क्या : वारा मोजणीच्या मनोऱ्याच्या नोंदी

माझं वर्कशॉप रबाळे एमआयडीसीत आहे. कंट्रोल पॅनेल, अर्थिंग, थोडंफार फॅब्रिकेशन ही रोजची कामं. नौपाड्यातले दोन भागीदार आणि मी असे तिघं मिळून मुरबाड तालुक्यातल्या एका पठारावर आठ-दहा मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहील का, ते बघत होतो. कल्पना भागीदारांची. पावसाळी सहलीला नाणेघाटात जाऊन उलटा धबधबा बघून आले. पाणी खाली पडायचं सोडून वर उडतंय, मग एवढा वारा वाया कशाला घालवायचा, असा त्यांचा हिशेब. नाणेघाटाचा माथा जुन्नर तालुक्यात येतो. आमचं पठार खाली, कोकणाच्या अंगाला, सह्याद्रीच्या भिंतीसमोर. त्याचं नाव देत नाही, कारण नाव कळलं की आपल्याआधी एजंट पोचतात.

यंत्रांबद्दल वाचायला भरपूर मिळतं. वारा मोजायचा मनोरा डोंगरावर उभा करताना काय काय आडवं येतं, ते कुणी फारसं सांगत नाही. म्हणून या नोंदी.

१४ ऑक्टोबर २०२३ : नकाशा, सातबारा

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा कुणालाही बघता येतो. आमचं पठार त्यात फिक्या रंगात. भागीदारांचं म्हणणं, नकाशाला प्रत्येक डोंगर थोडाच दिसतो? तेही खरंच आहे, असे नकाशे गणिती मॉडेलवरून बनतात आणि लहान डोंगर त्यात सपाट होऊन जातात. पण फिक्या रंगाच्या जागी गडद निघेल, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ठरलं, निदान वर्षभर मोजायचं. त्याआधी एकही रुपया जमिनीत घालायचा नाही.

सातबारे काढले. कड्याची जवळजवळ निम्मी लांबी वनखात्याची. उरलेल्यातले काही गट आदिवासी खातेदारांचे. तिथं जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ लागतं, बिगरआदिवासीला भाडेपट्टा करायचा तरी सरकारी परवानगीशिवाय होत नाही. एक मोठा गट सोयीचा दिसला, तर सातबाऱ्यावरचे आजोबा वारून पंधरा वर्षं झालेली आणि वारसनोंद नाही. फेरफार, मग मोजणीचा अर्ज, मग मोजणीची तारीख. यात दिवाळी गेली, नाताळ गेला. तुम्ही असं काही करणार असाल तर वाऱ्याच्या आधी वारसनोंद बघा.

६ जानेवारी २०२४ : ग्रामसभा

खाजगी गटात तात्पुरता मनोरा उभारायला ग्रामसभा लागतेच असं नाही, पण पुढं रस्ता आणि लाइन न्यायची तर गावाला आत्ताच विचारलेलं बरं. सरपंचताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आमच्या पाड्याला लाइट मिळणार का यातून?" नाही. वीज ग्रीडमध्ये जाणार, पाड्याला महावितरण देतं तीच मिळणार. हे तिथंच स्पष्ट सांगितलं. भागीदारांना ते आवडलं नाही.

मागं बसलेले एक बाबा म्हणाले, "वारा म्हंजे आखाड-श्रावण. दिवाळीला खळ्यावर भात उपणायचा तर वारा येतोय कुठं? सुपानं घालावा लागतो." वहीत लिहून घेतलं. गाडीत परतताना भागीदार म्हणाले, जमिनीवर नसेल, पन्नास मीटरवर असेल.

१८ फेब्रुवारी : मनोरा खरेदी

नवा मनोरा परवडेना. पन्नास मीटरचा, ताणतारांवर उभा राहणारा जुना नळीमनोरा २ लाख ४० हजारांना मिळाला. सेन्सर आणि लॉगर (आकडे साठवणारी पेटी) मात्र नवेच घेतले, कॅलिब्रेशनच्या दाखल्यासह, ३ लाख १० हजार. इथं काटकसर करू नका. ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या घनावर जाते. कप (वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्यांचा वेगमापक) पाच टक्के कमी वेग दाखवत असेल, तर उत्पादनाचा अंदाज चौदा टक्क्यांनी खाली येतो.

नळ्या रबाळ्याला उतरवल्यावर दोन नळ्यांच्या तोंडाशी चिरा दिसल्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तशाच व्यासाची नळी आणून तुकडे बनवले आणि तळोज्याला गॅल्व्हनायझिंग करून घेतलं. परत आले ते एकमेकांत बसेनात. जस्ताचा थर आतूनही चढतो, त्याची जागा धरलेली नव्हती. आमच्या फिटर मामांनी ग्राइंडर मारून ते बसवले आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर झिंकचा रंग मारला. जोड लागला खरा, पण ऑगस्टमध्ये गंज पहिल्यांदा तिथंच दिसला. आधी कोरडा जोड बसवून बघायचा, सैल ठेवायचा, मग जस्त. अशा कामाला हाच क्रम.

१२ मार्च : अँकर

मनोरा विकणाऱ्याने सोबत स्क्रूसारखे अँकर दिले होते, जमिनीत पिळून घालायचे. ते मातीच्या रानासाठी. इथं वर वीतभर मुरूम, खाली काळा कातळ. पहिला अँकर गुडघाभरही गेला नाही. कॉम्प्रेसरवाल्याने गाडी शेवटच्या चढाला उभी केली आणि हात वर केले. शेवटी खाणीत वापरतात तसं हातातलं पेट्रोल ड्रिल भाड्यानं आणलं, कातळात भोकं पाडली, हवेनं धूळ झाडून काढली आणि पीळदार सळया ग्राउटमध्ये (भोकात ओतून घट्ट होणारा पातळ गारा) बसवल्या.

धूळ झाडणं हे किरकोळ काम वाटतं. एका भोकात ते घाईत झालं होतं. ग्राउट दगडाला न धरता धुळीला धरून बसलं. चेन-ब्लॉक लावून ओढून बघताना ती सळई मुळासकट वर आली. मनोरा चढल्यावर आली असती तर? प्रत्येक अँकर ओढून बघा, त्यात अर्धा दिवस जातो. ड्रिल, ग्राउट, मजुरी मिळून ९५ हजार.

९ एप्रिल : उभारणी

मनोरा जमिनीवर आडवा जोडायचा, बुडाशी बिजागरी, काटकोनात एक आडवा खांब आणि विंचने ओढून उभा करायचा. सकाळी सहाला सुरुवात, कारण नऊनंतर कड्यावरून वारा चढायला लागतो.

चाळीसेक अंशांवर मनोरा धनुष्यासारखा वाकायला लागला. जमीन उताराची. बाजूचे दोन अँकर बिजागरीच्या रेषेत पाहिजेत, आणि समपातळीतही. आमचा उत्तरेचा अँकर माणसाच्या कमरेइतका वर होता. मनोरा जसा वर जाईल तशी त्या बाजूची तार सैल पडत गेली आणि समोरची ताणत गेली. मामा ओरडले, "थांबवा, थांबवा, खाली घ्या!" खाली घेतला. एक नळी कायमची वाकली.

पुढच्या खेपेला प्रत्येक बाजूच्या तारेवर एकेक माणूस फक्त तार सोडायला आणि धरायला उभा केला आणि एक माणूस लांबून मनोऱ्याची रेघ बघत शिट्टी वाजवायला. दोन शिट्ट्या म्हणजे थांब. असा चढला. सपाटीवरच्या लोकांना ही माणसं जास्तीची वाटतील. उतारावर त्यांच्याशिवाय विंचला हात लावू नका.

कप १०, ३० आणि ५० मीटरवर, पन्नासवर दोन. दर दहा मिनिटांची सरासरी आणि चढउतार लॉगरमध्ये जमा होतो.

२७ एप्रिल : वणवा

खालच्या रानातून वणवा चढला. गवत कमरेएवढं वाळलेलं. मनोऱ्याला काही झालं नाही, पण बुडाजवळ जमिनीवरून लॉगरच्या पेटीकडे नेलेल्या केबलचं प्लॅस्टिक वितळून सगळ्या तारा एकात एक चिकटल्या. वनखातं हिवाळा सरतानाच जाळरेषा काढतं, तशी आम्ही मनोऱ्याभोवती आणि प्रत्येक अँकरभोवती काढायला हवी होती. आता काढली, पाड्यावरच्या पोरांना रोज देऊन. केबल लोखंडी पाइपात घातली. ताणतारांना पिवळ्या नळ्या चढवल्या, कारण गुरं त्यांना अंग घासतात आणि संध्याकाळी माणसाला त्या दिसत नाहीत.

१९ मे : वीज पडली

वळवाच्या पावसात वीज मनोऱ्यावर किंवा अगदी जवळ पडली. लॉगरचं इनपुट कार्ड आणि दोन कप गेले. कार्ड बदलायला ३८ हजार आणि तीन आठवडे. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, जेव्हा वारा सुरू होतो तेव्हाच, आमच्याकडे आकडे नाहीत.

अर्थिंग हा माझाच धंदा, म्हणून जरा सविस्तर. मनोऱ्यापाशी खड्डा करून मीठ-कोळसा घालून पट्टी बसवली होती. मीटरवर ६० ओहमच्या वर रीडिंग. कातळात मीठ-कोळसा कितीही घाला, खड्ड्याच्या चारही बाजूंना दगडच असतो, करंट जाणार कुठं? दुसरा खड्डा केला, फारसा फरक नाही. मग सत्तर मीटर खाली भाताचं खाचर होतं, तिथं माती छातीभर खोल. मालकांना विचारून बांधाच्या कडेनं जीआय पट्टी पुरत नेली, खाचराच्या बांधात तीन इलेक्ट्रोड ठोकले. रीडिंग ८ वर आलं, पाऊस पडल्यावर आणखी खाली. वीज पडताना लांब पट्टी तितकीशी कामाची नसते हे मान्य, म्हणून मनोऱ्याच्या बुडाशी कातळावर चारही दिशांना छोट्या पट्ट्या वेगळ्या पसरल्या आणि प्रत्येक सेन्सरच्या वायरला सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) लावला. शेंड्यावरचा सळईचा तडितरक्षक आधी कपापेक्षा जेमतेम वर होता, तो वाढवला. पूर्ण पावसाळ्यात परत काही जळलं नाही.

८ जुलै : धुकं

रोज रात्री ई-मेलवर येणारी फाइल बंद. वर गेलो तर ढग पठारावरच बसलेला, दहा पावलांवरचा माणूस दिसेना. बॅटरी पार उतरलेली. दहा वॅटचं सोलर पॅनेल, ७ एएचची बॅटरी आणि चोवीस तास चालू मॉडेम. ठाण्यात हे वर्षभर चाललं असतं. इथं जुलैत आठवडाभर ऊन म्हणून नसतं.

मॉडेमला टायमर लावला, रात्री पंधरा मिनिटंच चालू. पॅनेल चाळीस वॅटचं केलं आणि जवळजवळ उभं बसवलं, म्हणजे त्यावर शेवाळ धरत नाही. बॅटरी २६ एएचची. मधला आठवड्याचा डेटा कायमचा गेला, आणि तोही वर्षातल्या सगळ्यात वाऱ्याच्या दिवसांतला.

२१ जुलै : रिबिनी

ही नोंद नीट वाचा.

जुलैचे आकडे बघून भागीदार खूश होते. पन्नास मीटरवर सेकंदाला सात मीटरच्या वर सरासरी. मला मात्र चढउताराचा रकाना खटकत होता. सरासरीच्या तुलनेत वारा इतका हलता होता, की चांगल्या जागी एवढा नसतो. मनोरा कड्यापासून साधारण साठ मीटरवर. "जिथं वारा लागतो तिथंच" उभा करायचा, हा भागीदारांचा आग्रह.

ठाण्याला जांभळी नाक्यावरून लाल साटिनच्या रिबिनीचं बंडल घेतलं. चार मीटरच्या बांबूच्या काठ्या कड्यापासून आत एका ओळीत रोवल्या, प्रत्येकीच्या टोकाला हातभर रिबीन आणि शेजारी दोरीला ओळंबा. मोबाइलवर फोटो काढायचे आणि ओळंब्याशी रिबीन किती अंशांत आहे ते कोनमापकानं मोजायचं.

अगदी कडेच्या काठीची रिबीन आडवी नव्हतीच. आडव्या रेषेपासून चाळीस अंश वर, ताठ, फडफडत. पाऊसही खालून तोंडावर येत होता. चाळीस-पन्नास पावलं आत आल्यावर रिबीन मरगळलेली, मध्येच गोल फिरायची, मध्येच उलटी होऊन कड्याकडेच तोंड करायची. तीनशे मीटर आत मात्र आडवी, शांत, आणि जोर बराच कमी.

म्हणजे कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो, कडा ओलांडताना पठाराला सोडून वरून जातो आणि खाली त्याचा भोवरा फिरत राहतो. उलटा धबधबा याच वर चढणाऱ्या वाऱ्यानं उडतो. पवनचक्कीला तो कामाचा नाही, तिला आडवा वारा लागतो. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात वारा आडव्यापासून ८ अंशांपर्यंत तिरका धरून डिझाइन केलेलं असतं. त्याहून तिरका आला तर पात्याच्या प्रत्येक फेरीत वरखाली वेगळा भार पडतो, बेअरिंग आणि गिअरबॉक्स लवकर जातात. शिवाय कपाच्या सेन्सरला तिरका वारा नीट ओळखता येत नाही, त्यामुळे आमचा सात मीटरचा आकडाही तसाच्या तसा धरण्यासारखा नव्हता.

रिबिनींचा खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही. मनोऱ्याची जागा ठरवण्याआधीच्या पावसाळ्यात हे करायला हवं, असं आता कुणीही विचारलं तर सांगतो.

११ ऑगस्ट : दिशा आणि दुसरा खांब

ढग नैऋत्य-पश्चिमेकडून पळतायत आणि लॉगर म्हणतोय वारा वायव्येचा. दिशादर्शक बसवणाऱ्यानं त्याची खूण उत्तरेकडे न करता मनोऱ्याकडे केली होती आणि लॉगरमध्ये फरकाचा आकडा शून्यच ठेवला होता. मनोरा उतरवायची गरज नाही. खालून होकायंत्रानं दांड्याची दिशा घेतली, फरक लॉगरमध्ये भरला, जुन्या फाइलींतले कोन तेवढ्यानेच फिरवले. उभारणीच्या दिवशी जमिनीवर असतानाच प्रत्येक दांड्याचा फोटो होकायंत्र शेजारी धरून काढला, तर हे शोधत बसावं लागत नाही.

तीनशे मीटर आत वीस मीटरचा साधा खांब उभा केला, एक कप, एक जुना लॉगर, ४५ हजार. आता मोठ्या मनोऱ्याच्या वीस मीटरच्या अंदाजाशी रोज तुलना करता येते.

३० सप्टेंबर : उंचीचा हिशेब

भागीदारांचा पुढचा मुद्दा, आजची यंत्रं शंभर-सव्वाशे मीटर उंच असतात, तिथं वारा वाढणारच. सपाट रानात वाढतो. नेहमीचा घातांक (उंचीबरोबर वेग किती वाढतो ते सांगणारा आकडा) ०.१४ धरला तर पन्नासवरून एकशे वीसवर जाताना वेग साधारण तेरा टक्क्यांनी वाढतो आणि घनामुळे ऊर्जा चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी. पण आमच्या मनोऱ्यावर तीस आणि पन्नास मीटरचे आकडे जवळजवळ सारखे, काही दिवस तर तीसचाच जास्त. डोंगराच्या कडेवर वारा जमिनीलगतच दाबला जाऊन वेग घेतो, वर गेल्यावर तो फायदा उरत नाही. पुस्तकातला घातांक इथं वापरून बँकेला कागद दिला असता तर तो खोटा ठरला असता.

२४ नोव्हेंबर : सुपाचा वारा

ऑक्टोबर-नोव्हेंबरची सरासरी २.७. यंत्र फिरायलाच तीनच्या आसपास वारा लागतो. ग्रामसभेतले बाबा खळ्यावर भेटले. भात उपणत होते, सुपानंच. मी काही बोललो नाही, त्यांनीच विचारलं, "घावला का वारा वरती?"

जुलै ७.४, नोव्हेंबर २.७. वेगात पावणेतीन पट फरक. घन काढा : ४०५ आणि २०. ऊर्जेत वीस पट. वर्षाची सरासरी काढून फायलीत लिहिली की हा सगळा फरक झाकला जातो. वीज विकायची ती मुख्यतः जून ते ऑगस्ट, हप्ता भरायचा तो बारा महिने.

१५ जानेवारी २०२५ : रस्ता, लाइन, दर

मोजणी वर्षाची व्हायला थोडा काळ बाकी, पण बाकीच्या गोष्टी ताडून घेतल्या.

आजच्या दोन-तीन मेगावॅटच्या यंत्राचं एकेक पातं साठ मीटरच्या घरात. उरणच्या बंदरावरून कल्याण-मुरबाड-टोकावड्यापर्यंत ट्रेलर येईलही. पुढं पाड्याचा रस्ता तीन मीटर रुंद, दोन मोऱ्या आणि एक असं वळण की तिथं एसटीसुद्धा दोनदा मागं-पुढं करते. ते वळण रुंद करायचं तर वनजमीन लागते. लाइनचंही तेच. जवळच्या उपकेंद्रापर्यंतच्या वाटेत वनखात्याचा पट्टा, म्हणजे १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी आणि वनहक्कधारकांची ग्रामसभा. लहान, ३५० किलोवॅटची जुनी यंत्रं लावू, असं एका भागीदाराने सुचवलं. साताऱ्यात वनकुसवड्याला तशी उभी आहेत. पण ती अकराशे मीटरच्या वरच्या सलग, रुंद सड्यावर आहेत, भिंतीच्या माथ्यावर. आम्ही भिंतीच्या पायाशी. शिवाय ती उभी राहिली तेव्हा वेगवान घसारा (यंत्राची किंमत लवकर वजा करून मिळणारी आयकरातली सूट) आणि विक्रीकराची सवलत होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातला पवनऊर्जेचा पहिला लिलाव झाला, त्यात दर ३ रुपये ४६ पैशांवर आला. त्या दराला सगळ्यात चांगल्या जागा टिकतात. आमच्यासारखी तीन महिन्यांची जागा टिकत नाही.

४ मे २०२५ : मनोरा उतरवला

वर्ष पूर्ण झालं. मोठ्या मनोऱ्याची वर्षाची सरासरी साडेचारच्या आत, आतल्या खांबाची त्याहून कमी. पठाराचा पवनऊर्जेचा विचार बंद. एका भागीदाराला अजून वाटतं की कड्याला खेटून छोटी यंत्रं चालतील. त्यांना रिबिनींचे फोटो परत पाठवलेत.

एकूण खर्च साडेबारा लाखांच्या आसपास. मनोरा, सेन्सर, अँकर हे ठळक. बाकीचं उभारणी, दुरुस्ती, वाहतूक, जमिनीचं भाडं आणि राखणीत गेलं. आठ मेगावॅट उभे करून मग हे कळलं असतं तर काय, याच्याशी तुलना केली तर भागीदारही गप्प बसतात.

उतरवताना क्रम उलटा, माणसं तितकीच. अँकरच्या सळया जमिनीच्या खाली कापून वर मुरूम टाकला, नाहीतर गुरांचे खूर फाटतात. खाचरातली पट्टी मालकांनी राहू द्या म्हटलं, पण नांगराला लागेल म्हणून काढली. चांगले कप परत कॅलिब्रेशनला पाठवलेत, कारण दुसरी जागा बघायची झाली तर एक पावसाळा झेललेल्या बेअरिंगचा दाखला जुना चालत नाही. नळ्या रबाळ्याला शेडमध्ये आहेत, त्यातली वाकलेली कळंबोलीला भंगारात दिली.